पाटी नसलेला कोल्हा

आमच्या साकीनाक्याच्या गाळ्यात दोन गोष्टी साठतात. भंगार आणि किस्से. भंगाराचं निदान काहीतरी होतं. कधी मोर होतो, कधी कासव होतं. एकदा एका शाळेसाठी जिराफ केला होता, त्याची मान गाळ्याच्या दारातून बाहेर निघेना म्हणून शेवटी दारच काढावं लागलं. किश्श्यांचं मात्र काही होत नाही. ते तसेच कोपऱ्यात पडून राहतात आणि कुणी चहाला आलं की पायात येतात.

गाळ्यात आम्ही तिघं. सिरिल शिल्पं बनवतो. जुना सायलेन्सर दिसला की त्याला त्यात कुणाची तरी मांडी दिसते, असा माणूस. मूळचा गोराईचा, तिथल्या ख्रिस्ती गावठाणातला. आता राहतो बोरिवलीत. रफीकभाई वेल्डर. कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडून माल निवडून आणणं आणि तो जोडणं हे त्यांचं काम. आणि मी सुजाता. माझ्याकडे लाइट. माझे बाबा घाटकोपरला मंडपांची रोषणाई करायचे. मला चालायला यायच्या आधी होल्डर बसवता येत होता असं ते सगळ्यांना सांगतात. खोटं आहे, पण मी कशाला खोडून काढू!

गेल्या वर्षी आम्ही एक कोल्हा केला. टाकाऊ मालाचा, आतून उजळणारा. बाकी सगळ्या जनावरांचे मिळून जेवढे किस्से नसतील तेवढे या एकाचे आहेत. म्हणून आज फक्त कोल्हा.

* * *

ऑर्डर बोरिवली पश्चिमेच्या एका मोठ्या सोसायटीची होती. खाडीच्या बाजूला चार टॉवर, मधे बाग, बागेच्या टोकाला कुंपणाच्या भिंतीजवळ एक रिकामा चौथरा. त्या चौथऱ्यावर त्यांना एक जंगली प्राणी हवा होता. सेक्रेटरी बर्वेसाहेब स्वतः गाळ्यावर आले. बँकेतून रिटायर झालेले, अत्यंत सज्जन आणि अत्यंत नियमाचे. स्टुलावर रुमाल पसरून बसले.

"वाघ करा," ते म्हणाले.

"वाघ सगळेच करतात," सिरिल म्हणाला.

"मग बिबट्या करा. आपल्या बोरिवलीचाच आहे."

"बिबट्या नॅशनल पार्काच्या बाजूचा. तुम्ही खाडीच्या बाजूचे. तुमच्या भिंतीपलीकडे तिवरं आहेत ना, खारफुटीची झाडी, त्यात कोल्हा असतो."

"मुंबईत कोल्हा?"

"असतो."

बर्वेसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "अहो, माझा जन्म मुंबईतला. मला तर कधी दिसला नाही."

"त्याला तुम्ही दिसला असाल!" सिरिल म्हणाला.

रफीकभाईंनी कपाळावर हात मारला. गिऱ्हाईक गेलं असं आम्ही धरून चाललो होतो. पण बर्वेसाहेब जरा विचारात पडले, रुमालाची घडी केली आणि म्हणाले, "बरं. कोल्हा करा." का, ते मला आजही कळलेलं नाही.

* * *

सांगाडा पटकन झाला. सायकलच्या चेनी, सायलेन्सर, एका पिठाच्या गिरणीचे पट्टे. अडलं केसांपाशी. सिरिलला असे केस हवे होते की वरून भुरे दिसतील आणि आतला उजेड त्यातून झिरपेल. तो वर्सोव्याला गेला आणि तिथल्या मच्छीमारांनी टाकून दिलेल्या नायलॉनच्या जाळ्यांचा ढीगच टेम्पोत घालून घेऊन आला. फाटकं जाळं पिंजलं की खरंच केसांसारखं दिसतं. आयडिया झकास होती. फक्त त्या जाळ्याने जन्मभर मासे पकडले होते, हे तिघांच्याही डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी इंडस्ट्रियल इस्टेटमधली यच्चयावत मांजरं आमच्या दारात बसली होती. शिस्तीत, रेशनच्या रांगेत बसावीत तशी.

शेजारच्या गाळ्यात मेहताभाईंचं अगरबत्तीचं पॅकिंग चालतं. ते नाकाला रुमाल लावून आले. "सुजाताबेन, माझी पार्टी माल परत पाठवते आहे! बोलते, तुमच्या मोगऱ्याला बोंबलाचा वास येतो!"

मग रफीकभाईंनी ते जाळं मनावर घेतलं. साबणाच्या पाण्यात भिजवलं, बडवलं, वाळवलं. परत भिजवलं. शेवटी घरून बायकोची शाम्पूची बाटली न विचारता उचलून आणली आणि ती पूर्ण रिकामी केली. तिसऱ्या दिवशी मेहताभाईंना बोलावून आणलं, जाळ्याचा एक झुबका स्वतःच्या नाकाशी धरला, डोळे मिटून लांब श्वास घेतला आणि समाधानाने म्हणाले, "हो गया काम! बोंबील गया. अब सिर्फ पापलेट है."

* * *

शेपटीचा किस्सा मी सांगू नये असं रफीकभाईंचं म्हणणं आहे. म्हणून थोडक्यात सांगते.

सिरिल एका बारशाला गोराईला गेला होता. जाताना म्हणाला, शेपूट तेवढी लावून टाका. परत आला तर कोल्ह्याच्या मागे मोटारसायकलच्या शॉकअबची स्प्रिंग! वर वळलेली, गोल गोल, हात लावला की थुईथुई हलणारी.

"रफीकभाई, हे काय?"

"शेपूट. मस्त हलते ना?"

"कोल्ह्याची शेपूट खाली असते. झुपकेदार. सरळ."

"अरे, पण खाली शेपूट म्हणजे घाबरलेला दिसतो रे. पार्टी काय बोलेल? यांनी डरपोक कुत्रा दिला."

"कुत्रा नाही, कोल्हा आहे."

"तेच ते!"

सिरिल स्टुलावर बसून राहिला. महिनाभर ज्या माणसाने स्वतःच्या हाताने त्या जनावराचा सांधा न् सांधा जोडला, त्यालाच तो कुत्रा वाटत होता. रफीकभाईंना वाईट वाटलं. त्यांनी मुकाट्याने ग्राइंडर लावून स्प्रिंग कापली, जाळ्याची झुपकेदार शेपूट बांधली, खाली सोडली. दोनदा लांब जाऊन बघून आले. तेवढ्यात बायकोचा फोन वाजला.

"हां, हां, निकल ही रहा हूँ," ते म्हणाले. "बस, कुत्ते की दुम बाकी है."

* * *

डोळे हे माझं खातं. आधी मी रिक्षाचे मागचे लाल दिवे लावून पाहिले. सिरिल म्हणाला, "कोल्हा पाहिजे, राक्षस नको." मग रफीकभाईंनी एका जुन्या मोटारसायकलचे इंडिकेटर आणले. पिवळट काच, थोडी घासलेली. आत माझा एलईडी घातला तर नजर अशी जिवंत झाली की मीच जरा मागे सरकले. पण रफीकभाईंनी इंडिकेटर मूळ वायरिंगसकट बसवले होते, आणि डाव्या बाजूचा फ्लॅशर आत तसाच राहिला होता. म्हणजे ज्याने इंडिकेटर चालू-बंद होतो तो डबा.

मी स्विच दाबला आणि नेमके मेहताभाई काहीतरी तक्रार घेऊन आत आले. कोल्ह्याने त्यांना डोळा मारला.

मेहताभाई थांबले. त्याने परत मारला.

"सुजाताबेन," ते म्हणाले, "हा मला डोळा का मारतो आहे?"

मी काही बोलायच्या आत रफीकभाई वेल्डिंगचा चष्मा वर करून ओरडले, "लेफ्ट मारतोय तो! बाजूला व्हा!"

मेहताभाई खरोखर बाजूला झाले.

* * *

आता जरा गंभीर भाग. तो सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

कोल्हा चौथऱ्यावर बसवला त्या दिवशी आम्ही तिघं बाजूला बाकावर चहा पीत लोकांचं ऐकत होतो. सकाळी फिरायला येणारे एकेक थांबत होते. "वा, अल्सेशियन!" "छे, गावठी आहे." "आमच्या माहेरचा टॉमी सेम असाच होता." एकाने तर जाताना त्याच्यासमोर चुटक्या वाजवल्या आणि "कम, कम" केलं.

बर्वेसाहेब आले. "सिरिल, मी बोललो होतो ना, पाटी पाहिजे. वर ठळक अक्षरात 'कोल्हा', खाली शास्त्रीय नाव. लोकांचा गोंधळ नको."

"पाटी नको," सिरिल म्हणाला.

"अहो, पण लोक कुत्रा म्हणतायत."

"पाटी लावली की लोक पाटी वाचतात, साहेब. जनावर कोण बघतं?"

बर्वेसाहेब गेल्यावर मी त्याला झापलं. लावून टाक ना पाटी, काय जातंय तुझं? तेव्हा तो पहिल्यांदा नीट बोलला. "अगं, मी लहान असताना आमच्याकडे ते होते. खरे. आता कुणाला सांगितलं तर हसतात, मुंबईत कोल्हा म्हणे! मला एकच माणूस पाहिजे, सुजाता. न सांगता, न वाचता ओळखणारा. एक बस."

"आणि नाही ओळखला कुणी तर?"

"तर मी कुत्राच केलाय. मग कापतो आणि परत कुर्ल्याला पाठवतो."

ही धमकी नव्हती. मागे एकदा त्याने बगळा केला होता, एक बाई त्याला बदक म्हणाली. त्याच दुपारी त्याने तो बगळा करवतीने कापला. त्या कोल्ह्याच्या फासळ्यांमध्ये माझ्या हाताने ओवलेल्या वायरी होत्या. आणि सिरिलने कुठल्याही कामासाठी इतका जीव टाकलेला मी पाहिला नव्हता.

बर्वेसाहेबांनी बँकेतल्यासारखा तोडगा काढला. रविवारी सोसायटीचा वर्धापनदिन, तेव्हा संध्याकाळी दिवे लावायचा कार्यक्रम. तोपर्यंत पाटी नाही. त्या कार्यक्रमापर्यंत एका तरी माणसाने आपणहून कोल्हा ओळखला, तर पाटी कधीच नाही. कुणीच ओळखला नाही, तर बहुमताने तो कुत्रा. मग सांस्कृतिक कमिटीतल्या बायकांनी आणून ठेवलेला लाल पट्टा त्याच्या गळ्यात बांधायचा आणि नाव ठेवायचं 'राजा'.

"आणि कुणी सांगायचं नाही, खुणवायचं नाही," बर्वेसाहेबांनी माझ्याकडे बघून बजावलं. माझ्याकडेच का, देव जाणे.

* * *

मंगळवारी संध्याकाळी मी टेस्टिंगसाठी लाइट लावून ठेवले होते. वरच्या मजल्यावरच्या एका बाईंनी गॅलरीतून पाहिलं. बागेत एक कुत्रा, डोळे चमकतायत, तासभर जागचा हलत नाही. त्यांनी थेट भटकी कुत्री पकडणाऱ्या गाडीला फोन केला. गाडी येणार नाही असं सगळे म्हणत होते, पण ती आली!

दोघं उतरले, हातात जाळी घेऊन. दबक्या पावलांनी चौथऱ्यापर्यंत गेले. मी बाकावरून बघत होते. म्हटलं, हे लोक रोज कुत्री बघतात, यांना फरक कळणारच. आत्ता म्हणतील! मी मनातल्या मनात सिरिलला फोनसुद्धा लावला.

एकाने बॅटरी मारली. जवळ गेला. वरून खाली बघितलं. सिरिलने कोल्ह्याचा एक कान मुद्दाम फाटका केला होता, कुठल्या तरी भांडणात फाटल्यासारखा. माणूस त्या कानापाशी थांबला. बोटाने कड चाचपली. मग जोडीदाराकडे वळून म्हणाला, "चल रे. कानाला खुणेचा कट आहे. याची नसबंदी झालेली आहे!"

गाडी निघून गेली. कंप्लेंट बंद.

* * *

गुरुवार. मी सकाळी वायरिंग तपासायला आले तर कोल्ह्याच्या कपाळावर कुंकू, गळ्यात झेंडूची माळ, पुढ्यात चार ग्लुकोज बिस्किटं. बी विंगच्या नाडकर्णी काकू हात जोडून उभ्या.

"काकू, हे काय?"

"अगं, गुरुवार ना आज. दत्तगुरूंच्या पायाशी कुत्रे असतात की नाही? किती छान कल्पना काढलीत तुम्ही!"

मी 'काकू, अहो' म्हणेपर्यंत त्यांनी तांब्या उचलला आणि कोल्ह्याला डोक्यापासून अभिषेक घातला. आत फट्ट असा आवाज झाला, थोडा धूर आला आणि बागेची सगळी लाइन ट्रिप झाली. बारा व्होल्टची लाइन होती म्हणून ठीक. नाहीतर काकू थेट दत्तचरणी!

धूर बघून काकूंनी परत हात जोडले.

सिरिल धावत आला. जळका ॲडॅप्टर हातात घेऊन मी मांडी घालून बसले होते. मला वाटलं आता हा काकूंना काहीतरी बोलणार. पण तो एवढंच म्हणाला, "काकू, नीट बघा ना जरा याच्याकडे. शांतपणे बघा. काय दिसतं?"

काकूंनी चष्मा लावला. तोंडाकडे पाहिलं, पायांकडे पाहिलं, मागे जाऊन शेपूट पाहिली. बराच वेळ पाहिलं. त्यांचा चेहरा बदलला. सिरिल एक पाऊल पुढे आला.

"खरंच की!" काकू म्हणाल्या. "अरे, पण ते चार असतात. बाकीचे तीन कधी बसवणार?"

* * *

शनिवारपर्यंत माझा धीर संपला. नियम गेला खड्ड्यात, म्हटलं. मी बाबांना घाटकोपरहून बोलावलं. निमित्त काय, तर वायरिंगवर अनुभवी माणसाची नजर हवी. स्टेशनवर त्यांना वडापाव खायला घातला आणि पढवलं. "बाबा, बर्वेसाहेब जवळ असतील तेव्हा मोठ्याने म्हणायचं, वा! काय सुंदर कोल्हा! एवढंच."

"एवढंच ना? आयुष्यभर मंडळांच्या अध्यक्षांसमोर बोललोय मी."

रिक्षात मी दोनदा म्हणवून घेतलं. दोन्ही वेळा बरोबर म्हणाले. कोल्हा, कोल्हा.

बागेत पोचलो. बर्वेसाहेब होतेच. बाबा कमरेवर हात ठेवून चौथऱ्याभोवती फिरले, खाली वाकून माझ्या वायरी बघितल्या, एक जॉइंट ओढून पाहिला. "सगळं एकाच रंगात का? चेसर लाव की! शेपटीपासून डोक्यापर्यंत लाइट पळायला पाहिजे!" मी डोळे मोठे केले. त्यांना आठवण झाली. घसा खाकरला, दोन पावलं मागे सरकले, बर्वेसाहेब ऐकतायत याची खात्री केली आणि पूर्ण बागेला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले,

"वा! काय सुंदर लांडगा!"

बर्वेसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी झाडाकडे पाहिलं.

"जवळपास होतं," परत जाताना बाबा म्हणाले.

* * *

रविवार. खुर्च्या मांडल्या होत्या, माइक होता, समोसे होते. तोपर्यंत एकानेही कोल्हा म्हटलेलं नव्हतं. रफीकभाईंनी सोमवार सकाळचा टेम्पो सांगून ठेवला होता, आणि ग्राइंडर पिशवीत घालून आणला होता. मला दाखवला नाही, पण पिशवीचा आकार कळत होता.

सिरिलबरोबर त्याची मोठी मावशी आली होती. रेजिना मावशी. डोळ्याच्या डॉक्टरला दाखवायला गोराईहून होडीने आली होती आणि मुक्कामाला सिरिलकडे होती. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं. तिला घरी एकटीला कुठे ठेवायचं, म्हणून तो तिला इकडेच घेऊन आला. तांबड्या चौकड्याचं लुगडं, गळ्यात क्रूस. गोराईच्या घरात आता ती, तिची सून आणि सुनेने हप्त्यावर घेतलेला भलामोठा फ्रीज एवढेच असतात, असं तिने मला समोसा खाताना सांगितलं. सिरिल काय काम करतो हे तिला नक्की माहीत नव्हतं. लोखंडाचं कायतरी, म्हणाली. आज काय आहे हेही तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी तर नाहीच. एकदा तोंड पोळलं होतं.

भाषणं सुरू झाली. अध्यक्षांचं झालं, खजिनदारांचं झालं. रेजिना मावशी पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर पेंगत होती. मधेच जागी झाली आणि सिरिलला विचारलं, "कवा संपंल?" तो म्हणाला, "संपला, मावशी. आता झालाच."

अंधारून आलं. भिंतीपलीकडे तिवरं काळी व्हायला लागली होती आणि ओहोटीचा चिखलाचा वास येत होता. बर्वेसाहेब माइकवर म्हणाले, "आता आपण दीपप्रज्वलन करू या, आणि त्यानंतर आपल्या या मित्राचं नामकरण." सांस्कृतिक कमिटीच्या एक बाई लाल पट्टा तबकात घेऊन पुढे आल्या. तबकात हळद-कुंकूसुद्धा होतं.

मी स्विच दाबला.

माझ्याच कामाबद्दल बोलू नये, पण त्या संध्याकाळी तो चांगला दिसला. बरगड्यांमधून आधी मंद उजेड आला, मग जाळ्याच्या केसांच्या टोकांपर्यंत पसरला. सगळ्यात शेवटी डोळे लागले. मान जरा खाली, एक पाय उचललेला, तोंड टॉवर्सकडे. मागे काळी तिवरं.

टाळ्या वाजल्या. "किती गोड!" "राजा! ए राजा!" मागून कुणीतरी शिट्टी घातली. बर्वेसाहेबांनी तबकातला पट्टा उचलला आणि त्याचं बक्कल सोडायला लागले. रफीकभाईंनी पिशवीची गाठ चाचपली. सिरिल जमिनीकडे बघत होता.

तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. रेजिना मावशी उठून उभी राहिली होती. ऑपरेशन झालेला डोळा चौथऱ्यावर रोखलेला. ती हलली नाही, ओरडली नाही. एका हाताने लुगड्याचा पदर खोचला, दुसऱ्या हाताने शेजारी उभ्या सिरिलचं मनगट घट्ट धरलं, आणि आवाज खाली आणून, घाईघाईने, आपल्याच अंगणात उभी असल्यासारखी म्हणाली,

"सिरिल, कोंबऱ्या कोंडल्या का नाय?"

बर्वेसाहेबांचा पट्टा धरलेला हात तसाच राहिला. "काय? काय म्हणाल्या त्या?" त्यांनी मला विचारलं. मी त्यांच्या हातातला पट्टा काढून परत तबकात ठेवला.

सिरिलने मावशीच्या हातावर आपला हात ठेवला.

"कोंडल्या, मावशी," तो म्हणाला. "सगल्या कोंडल्या."